१ मे १९२८ चे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’: सिम्युलेटर मॉडेलसाठी कोणता पुरावा ग्राह्य धरावा?

प्रश्न

ट्रेन सिम्युलेटरसाठी ४४७२ क्रमांकाच्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या वाफेच्या इंजिनाचे त्रिमितीय मॉडेल मी तयार करत आहे. ते १ मे १९२८ या दिवसाचे असावे, असे मी ठरवले आहे. त्या दिवशी या इंजिनाने लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकापासून एडिनबरापर्यंतचे सुमारे ३९३ मैलांचे अंतर प्रवासी गाडी घेऊन कोठेही न थांबता पार केले. टेंडरच्या (इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) आतून काढलेल्या जेमतेम १८ इंच रुंद आणि ५ फूट उंच बोळातून वाटेत चालक आणि फायरमन यांची जोडी बदलली गेली.

माझ्याजवळ आजच्या इंजिनाची भरपूर रंगीत छायाचित्रे, हे इंजिन मुळात ज्या वर्गातले, त्या ए१ वर्गाच्या सर्वसाधारण रेखाचित्राची एक स्कॅन प्रत आणि त्या काळातील काही कृष्णधवल छायाचित्रे आहेत. मात्र या तिन्हींचा परस्परांशी मेळ बसत नाही. धुराड्याचा आकार, बॉयलरवरील घुमट आणि कॅबची (चालकाच्या खोलीची) मांडणी या तिन्ही बाबतींत ती वेगवेगळे सांगतात. कोणत्या पुराव्यावर किती विसंबावे आणि भौतिकीच्या फाइलमध्ये (सिम्युलेटरला इंजिनाची ताकद व चाल सांगणाऱ्या फाइलमध्ये) कोणते आकडे भरावेत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आपण वर्ष आणि दिवस आधीच ठरवला आहे, त्यामुळे बरेचसे काम सोपे झाले आहे. तारीख न ठरवता सुरू केलेल्या मॉडेलमध्ये तीन-चार दशकांचे अवशेष एकाच सांगाड्यावर येऊन बसतात आणि मग असे इंजिन कधीच अस्तित्वात नव्हते, असे म्हणावे लागते.

आता आजच्या छायाचित्रांविषयी. हे इंजिन १९२३ मध्ये डॉनकास्टर येथे बांधले गेले. जानेवारी १९४७ मध्ये त्याची सुधारित ए३ वर्गात पुनर्बांधणी झाली, १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याला दुहेरी धुराडे बसले आणि १९६१ मध्ये धुराड्याच्या दोन्ही बाजूंना धूर वर उचलणारे जर्मन पद्धतीचे पत्रे आले. आज ते याच उत्तरकालीन रूपात जतन केलेले आहे. त्यामुळे धुराडे, बाजूचे पत्रे आणि बॉयलरवरील लांबट घुमट या तिन्ही गोष्टी आपल्या मॉडेलमधून वगळाव्या लागतील. १९२८ मध्ये धुराडे एकेरी होते आणि घुमट गोल होता. आजचा टेंडर मात्र कॉरिडॉर प्रकारचाच, म्हणजे आतून बोळ असलेलाच, असल्याने टेंडरपुरती आजची छायाचित्रे सावधपणे वापरता येतील. ए१ आणि ए३ या वर्गांतील दुसरे एकही इंजिन शिल्लक नाही, म्हणून प्रत्यक्ष मोजमापासाठी पर्यायी नमुना मिळणार नाही. कागदपत्रांवाचून दुसरा मार्ग उरत नाही.

रेखाचित्राबाबत माझा आग्रह असा, की त्यावर आकड्यांत लिहिलेले माप नेहमी प्रमाण मानावे आणि पट्टीने मोजलेले माप अगदी नाइलाजानेच वापरावे. जुना कागद आकसतो, स्कॅन करताना एका दिशेने ताणला जातो आणि ही विकृती आडव्या व उभ्या दिशेत सारखी नसते. याची तपासणी सहज करता येते. पहिल्या आणि तिसऱ्या चालक चाकांच्या केंद्रांमधील अंतर १४ फूट ६ इंच आहे आणि चालक चाकाचा व्यास ६ फूट ८ इंच आहे. चाकाच्या उभ्या व्यासाचे या अंतराशी असलेले गुणोत्तर स्कॅनवर चुकत असेल, तर मॉडेलिंगला हात घालण्यापूर्वी चित्र सरळ करून घ्यावे.

छायाचित्रावरून माप काढताना चाकाचा व्यास प्रमाण म्हणून धरण्याची पद्धत चांगली आहे, परंतु ती केवळ चाकाच्या प्रतलातील वस्तूंनाच लागू पडते. बाहेरचा सिलिंडर कॅमेऱ्याच्या अधिक जवळ असतो आणि बॉयलरची मध्यरेषा अधिक दूर असते. छायाचित्र जवळून घेतलेले असल्यास हा फरक काही इंचांपर्यंत जातो.

शेवटी, रेखाचित्र हे इंजिन कसे बांधायचे होते ते सांगते. ते एखाद्या दिवशी प्रत्यक्षात कसे होते, हे कळण्यासाठी त्याच इंजिनाच्या दुरुस्तीच्या नोंदी पाहाव्या लागतात, कारण कारखान्यात मोठ्या दुरुस्तीच्या वेळी बॉयलर एका इंजिनावरून दुसऱ्यावर जात असत. ब्रिटिश रेल्वे कारखान्यांच्या रेखाचित्रांचा मोठा संग्रह यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, तेथे लेखी विचारणा करावी.

दुसरा प्रतिसाद

कॅबबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे. १९२८ मध्ये हे इंजिन उजव्या बाजूने चालवले जात असे आणि चालकाची जागा डावीकडे नेण्याचा बदल १९५४ मध्ये झाला. आजच्या कॅबच्या छायाचित्रांवरून आतील भाग उभारला, तर खेळणारा चुकीच्या खिडकीतून सिग्नल पाहील. नियंत्रणांच्या जागांसाठी त्या काळातील कॅबची छायाचित्रेच पाहावीत.

तिसरा प्रतिसाद

भौतिकीच्या फाइलविषयी लिहितो, कारण दिसायला उत्तम असलेली कित्येक मॉडेल्स येथेच फसतात.

ए१ साठी बॉयलरचा दाब १८० पौंड प्रति चौरस इंच, तीन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास २० इंच आणि दट्ट्याची धाव २६ इंच, असे आकडे भरावेत. ए३ मध्ये दाब २२० आणि सिलिंडरचा व्यास १९ इंच झाला. दाबाच्या ८५ टक्के धरण्याच्या प्रचलित सूत्राने ए१ चे ओढबळ २९,८३५ पौंड आणि ए३ चे ३२,९१० पौंड येते. आपल्या फाइलमधील आकड्यांवरून हेच उत्तर येत नसेल, तर दोन्ही वर्गांचे आकडे कोठेतरी मिसळले आहेत, असे खुशाल समजावे. हे ओढबळ गाडी हलवतानाचे आहे. वेग वाढल्यावर बॉयलर किती वाफ पुरवू शकतो, यावर सारे अवलंबून असते, म्हणून ज्यावर कोळसा जळतो त्या जाळीचे ४१.२५ चौरस फूट क्षेत्रफळ नोंदवण्यास विसरू नये.

सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या झडपांच्या हालचालीचाही विचार करावा. १९२५ मध्ये ग्रेट वेस्टर्न या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या कॅसल वर्गातील इंजिनाशी झालेल्या तुलनात्मक चाचण्यांनंतर ए१ वर्गातील इंजिनांना टप्प्याटप्प्याने लांब धावेच्या झडपा बसवण्यात आल्या. त्यामुळे रेग्युलेटर (वाफेची मुख्य झडप) पूर्ण उघडून कमी कटऑफवर, म्हणजे दट्ट्याच्या धावेच्या थोड्याच भागात वाफ आत सोडून, इंजिन चालवणे परवडू लागले आणि कोळशाची लक्षणीय बचत झाली. ४४७२ ला ही सुधारणा केव्हा मिळाली, ते दुरुस्तीच्या नोंदींवरून निश्चित करूनच वाफेच्या वापराचे आकडे ठरवावेत, अन्यथा टेंडरमधील ९ टन कोळशाचा हिशेब लागणार नाही. पाण्याची क्षमता ५,००० गॅलन होती, त्यामुळे रुळांमधील पाण्याच्या चरांतून धावता धावता पाणी उचलण्याची सोय मार्गावर आणि इंजिनात, दोन्हीकडे हवी.

आवाजाबद्दल थोडेसे. तीन सिलिंडरांमुळे चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे सहा फुत्कार होतात. ताशी १० मैल वेगाला ते सेकंदाला चारच्या आसपास पडतात आणि ताशी ६० मैलांना सुमारे २५ होऊन एकमेकांत मिसळतात. आजच्या इंजिनाचे ध्वनिमुद्रण थेट वापरू नये, कारण दुहेरी धुराड्यातून निघणारा आवाज मऊ असतो आणि एकेरी धुराड्याचा फुत्कार अधिक धारदार असे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आता सिलिंडरचे आकडे मी नव्याने भरून पाहतो. रंगाचा प्रश्न अजून उरला आहे. कृष्णधवल छायाचित्रांत इंजिनाच्या पुढची, बफर बसवलेली आडवी तुळई जवळजवळ काळी दिसते. ती तशीच रंगवावी का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

नाही, ती लालच रंगवावी. त्या काळातील बऱ्याच छायाचित्रांसाठी वापरलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा लाल रंगाला संवेदनशील नसल्याने लाल भाग काळा उमटतो. काही कारखाने अधिकृत छायाचित्रासाठी नवे इंजिन तात्पुरते करड्या रंगात रंगवत, त्यामुळे अशा चित्रांवरूनही रंगछटा ठरवू नये. इंजिनाच्या मालक कंपनीचा (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचा) सफरचंदी हिरवा रंग छायाचित्रातून मिळणारच नाही. त्यासाठी रंगाचा जतन केलेला नमुना शोधावा लागेल. छायाचित्रांतून पट्ट्यांची जाडी, अक्षरांची जागा आणि रिव्हेटांच्या रांगा घ्याव्यात, आणि तेही दिनांक खात्रीने माहीत असलेल्या छायाचित्रांतूनच.

याच इंजिनाच्या नावाचा, १९२९ चा एक ब्रिटिश चित्रपट आहे आणि त्यात ४४७२ प्रत्यक्ष धावताना दिसते. चालत्या इंजिनावर वाफ कोठून गळते आणि धूर कॅबवरून कसा जातो, हे पाहण्यासाठी त्यातील दृश्ये एकेक चौकट थांबवून अभ्यासावीत.