ब्रिटन बाहेर पडले आणि सुरक्षित झाले, हा दावा नेमका कशाच्या जोरावर?

रेडिंगचा वाटसरू

परवा येथे एका सदस्याने लिहिले की युरोपीय संघ सोडल्यामुळे ब्रिटनच्या सीमा प्रथमच खऱ्या अर्थाने ताब्यात आल्या, गुन्हेगार बाहेर राहिले आणि तंत्रज्ञानात देश ब्रुसेल्सच्या बाबूंच्या तावडीतून सुटला. खाली अनुमोदनांची रांग लागली होती. दुर्लक्ष करणार होतो, पण लेखकाला ज्या मुद्द्याचा सर्वाधिक अभिमान आहे तोच सर्वाधिक पोकळ असल्याने सविस्तर उत्तर देतो.

३१ डिसेंबर २०२० च्या रात्री संक्रमणकाळ संपला आणि ब्रिटिश पोलिसांचा शेंगेन माहिती प्रणालीशी, म्हणजे युरोपीय देशांच्या पोलिसांच्या सामाईक नोंदींशी, असलेला दुवा तुटला. २०१९ या एका वर्षात त्यांनी तिची सुमारे ६० कोटी वेळा मदत घेतली होती. गस्तीवरच्या शिपायाने एखादी गाडी थांबवून तिचा क्रमांक टाकला की ती फ्रान्सच्या लिऑनमधून चोरीला गेलेली आहे किंवा चालकावर पोलंडमध्ये वॉरंट आहे, हे त्याला रस्त्यात उभ्या उभ्या कळत असे, कारण स्वतःच्या देशाच्या संगणकात केलेली चौकशी आपोआप तिकडेही होत असे. आता भिस्त इंटरपोलच्या सूचनांवर आहे, आणि त्या तेव्हाच उपयोगी पडतात जेव्हा पोलंडचा अधिकारी तीच माहिती इंटरपोलकडे वेगळी नोंदवण्याची तसदी घेतो. ज्याचे स्वतःचे काम शेंगेन प्रणालीवर भागते, तो ती तसदी दरवेळी का घेईल?

ऑक्टोबर २०२० मध्ये तत्कालीन मंत्री मायकेल गोव्ह संसदेत संघाबाहेरही सुरक्षा अधिक चोख ठेवता येईल असे सांगत होते, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास कॅमेऱ्याने टिपला. सहा वर्षे गृहमंत्रिपद सांभाळलेल्या बाईंना यातले कळत नव्हते, असे आपले म्हणणे आहे काय?

रोखठोक

तो लेख माझाच होता, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे. ६० कोटी हा आकडा तोंडावर फेकण्यापूर्वी हेही सांगायचे होते की ब्रिटन त्या प्रणालीत एप्रिल २०१५ मध्ये आले, म्हणजे ती सोय जेमतेम पावणेसहा वर्षांची होती. त्याआधी लंडन गुन्हेगारांच्या हवाली होते का? शिवाय २०१८ मध्ये बाहेर फुटलेल्या संघाच्याच अहवालानुसार ब्रिटन त्या माहितीच्या बेकायदा प्रती करून ठेवत होते. इतकी पवित्र मैत्री होती ती!

देशाचे खरे गुप्तचर बळ अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याबरोबरच्या करारात आहे, लष्करी बळ नाटोत आहे, आणि या दोहोंना धक्का लागलेला नाही. ऑक्टोबर २०२१ पासून युरोपातील बहुतेकांना केवळ राष्ट्रीय ओळखपत्रावर येथे येता येत नाही, पासपोर्ट लागतो. इटली आणि ग्रीसची कागदी ओळखपत्रे किती सहज बनावट होतात हे ज्याला ठाऊक आहे, तो या निर्णयाला नावे ठेवणार नाही.

गॅलिलिओ या संघाच्या दिशादर्शक उपग्रह यंत्रणेबद्दल मात्र माझे रक्त आजही तापते. त्या उपग्रहांचे दिशादर्शक यंत्रभाग गिल्डफर्डच्या सरे सॅटेलाइट कंपनीने बनवले, ब्रिटिश करदात्याने वर्षानुवर्षे पैसे ओतले, आणि बाहेर पडतो म्हटल्याबरोबर कूटबद्ध लष्करी सेवेचे दार तोंडावर आपटले. हा आकस नव्हे तर काय?

रेडिंगचा वाटसरू

आकस कसला? सदस्य नसलेल्या देशांना त्या सेवेच्या सुरक्षाविषयक गाभ्यापासून दूर ठेवण्याचे नियम ब्रिटन सदस्य असतानाच, ब्रिटनच्या सहभागाने झाले होते. हॅम्पशरमधील स्वॅनिक येथे असलेले पर्यायी सुरक्षा केंद्र त्याच नियमांमुळे स्पेनला गेले. मग ऑगस्ट २०१८ मध्ये स्वतःची दिशादर्शन यंत्रणा उभारण्याची घोषणा झाली, ९ कोटी २० लाख पौंडांचा अभ्यास मंजूर झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. त्याच वर्षी सरकारने आपल्या भारती समूहासोबत दिवाळखोर वनवेब कंपनी घेतली, जिचे उपग्रह इंटरनेटसाठी आहेत, दिशादर्शनासाठी नव्हेत. युक्रेन युद्धानंतर रशियाने ते सोडण्यास नकार दिला, तेव्हा इस्रोने श्रीहरिकोट्याहून दोन उड्डाणांत ७२ उपग्रह पोहोचवले. पुढे २०२३ मध्ये ही स्वातंत्र्यकन्या फ्रान्सच्या युटेलसॅटच्या घरी नांदायला गेली. यावर आपण काही लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही.

आणि ताब्यात आलेल्या सीमांबद्दल: युरोडॅक, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांच्या बोटांच्या ठशांचा संग्रह, हाही ब्रिटनसाठी त्याच रात्री बंद झाला. आज डोव्हरला उतरलेल्या माणसाचा अर्ज जर्मनीने आधीच फेटाळला आहे काय, हे ठशांवरून तपासण्याचा मार्ग उरलेला नाही. २०१८ मध्ये लहान होड्यांतून काहीशे माणसे आली, २०२२ मध्ये ४५ हजारांहून अधिक.

मांडवीकर

आपण दोघे उपग्रहांवर भांडत आहात, पण ज्यांच्या अंगावर हे तंत्रज्ञान येऊन आदळले त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. मी स्विंडनला राहतो. आमच्याकडच्या अनेक गोंयकारांप्रमाणे माझे सासरेही पोर्तुगीज पासपोर्टवर आले. नव्या व्यवस्थेत त्यांना कायम राहण्याचा हक्क मिळाला, पण त्याचा कोणताही कागद किंवा कार्ड नाही; तो केवळ सरकारी संकेतस्थळावरची एक नोंद आहे. त्यांनी पासपोर्टचे नूतनीकरण केले आणि खात्यात जुनाच क्रमांक राहिला. गोव्याहून परत निघताना एका विमान कंपनीच्या काउंटरवरील मुलीने पडद्याकडे पाहून परवानगी दिसत नसल्याचे सांगितले आणि त्यांना बाजूला बसवले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कुंकळ्ळीत शिक्षकी करून निवृत्त झालेला, विमानतळाच्या बाकावर फोन हातात धरून संकेतशब्द आठवत बसला आणि विमान निघून गेले. ही तुमची सुरक्षा.

रोखठोक

सासऱ्यांना त्रास झाला याचे वाईट वाटते. तथापि पोर्तुगालशी ज्यांचा संबंध केवळ पासपोर्टापुरता, त्यांनी मागच्या दाराने ब्रिटनमध्ये यायचे आणि दाराला कडी लावली की ओरड करायची, हेही बरोबर नाही.

मांडवीकर

शब्द जपून वापरा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचा कायदा तो हक्क देतो. आम्ही कोणाचे कुंपण ओलांडलेले नाही. आपण २०१६ च्या संघ सोडण्याबाबतच्या सार्वमतात मत दिल्याचे अभिमानाने लिहिता, ते कोणत्या पासपोर्टवर दिलेत? राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरच ना? माझे सासरे येथे कर भरत होते, पण पोर्तुगीज नागरिक म्हणून त्यांना त्या मतदानात स्थान नव्हते. तेव्हा मागचे दार कोणाचे आणि पुढचे कोणाचे, हे एकदा ठरवून टाका!

नाशिकची निशाचर

मांडवीकर यांचा संताप रास्त आहे, पण कार्ड असते तर प्रश्न सुटला असता हे मला पटत नाही. कार्ड चोरीला जाते, बनावट होते, आणि काउंटरवरची व्यक्ती तेव्हाही पडद्याचेच ऐकते, कारण चुकीच्या प्रवाशाला आणल्यास दंड कंपनीला होतो. दोष केवळ डिजिटल असण्यात नसून, नोंद चुकली तर हातात दुसरा कोणताही पुरावा नसण्यात आहे.

माहिती सुरक्षा हा माझा व्यवसाय असल्याने आणखी एक गोष्ट दोन्ही बाजूंना सांगते. ब्रिटन आणि संघ यांच्यातील डिसेंबर २०२० च्या करारात डीएनए माहितीच्या देवाणघेवाणीचे परिशिष्ट आहे. त्यात आधुनिक ईमेल प्रणालींचे उदाहरण म्हणून नेटस्केप कम्युनिकेटर ४ चा उल्लेख आहे, जो १९९७ सालचा आहे, आणि सांकेतिकीकरणासाठी १०२४ बिटांची किल्ली व एसएचए-१ सुचवले आहे, जे तोवर केव्हाच मोडीत निघाले होते. २००८ च्या युरोपीय निर्णयातला मजकूर जसाच्या तसा उचलला गेला. म्हणजे ब्रुसेल्सच्या बाबूंनी तो बदलला नाही आणि स्वतंत्र झालेल्या लंडनने तो वाचला नाही.

रोखठोक

नेटस्केपवर हसू आले, हे कबूल. होड्यांच्या बाबतीत वाटसरूंनी सोयीचे तेवढेच सांगितले आहे. सदस्य असतानाही डब्लिन नियमांखाली, म्हणजे आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने हाताळायचा हे ठरवणाऱ्या नियमांखाली, ब्रिटनने अखेरच्या काही वर्षांत परत पाठवलेल्यांपेक्षा स्वीकारलेले लोक अधिक होते. ठसे जुळले तरी माणूस परत जातोच असे नव्हते.

शेंगेन प्रणालीचे नुकसान झाले हे मी नाकारत नाही. आपले समाधान होत असेल तर लिहून देतो. पण त्यासाठी पूर्ण सदस्यत्व लागावे ही संघाची अट आहे, निसर्गनियम नव्हे. होरायझन संशोधन योजनेत ब्रिटन १ जानेवारी २०२४ पासून पैसे भरून परतले, पृथ्वीचे निरीक्षण करणाऱ्या कोपर्निकस उपग्रहांच्या योजनेतही परतले. तेथे दार उघडते आणि चोर पकडायचे म्हटले की बंद होते, याचे उत्तर वाटसरूंनी द्यावे.

रेडिंगचा वाटसरू

उत्तर सोपे आहे. संशोधनात वाद झाला तर निधी अडतो, पोलिसी माहितीत वाद झाला तर माणूस तुरुंगात जातो; म्हणून तेथे युरोपीय न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो. तोच अधिकार नको म्हणून आपण मत दिले होते. नॉर्वे आणि स्वित्झर्लंड सदस्य नसूनही शेंगेन प्रणालीत आहेत, पण त्यांनी सीमा खुल्या ठेवल्या आहेत. तशी तयारी असेल तर पुढच्या लेखात तसे लिहा, पहिले अनुमोदन माझे असेल.

मांडवीकर

आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर, रोखठोक?