जिमी स्मिथ आणि 'बास नाही' वाली मंडळी

सारंग_ठाणे: काल इथे एकाने ठोकून दिलं, जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथचा 'बॅक ॲट द चिकन शॅक' हा अल्बम म्हणजे हॉटेलात जेवताना मागे वाजवायचं संगीत, वर बास, म्हणजे खालचे खर्ज सूर वाजवणारा वादक नाही म्हणून पोकळ. अहो, वादक नाही, बास आहे! डावा हात आणि पाय बास सांभाळतात, उजवा हात सोलो घेतो. हॅमंड बी-थ्री या त्याच्या विजेच्या ऑर्गनला खाली पायाने वाजवायच्या 25 पट्ट्या काय शोभेला दिल्यात? फोनच्या स्पीकरवर ऐकून मतं देऊ नका.

मंदार_के: तो 'एकाने' मीच. हेडफोन आहेत माझ्याकडे. शीर्षकगीतात बारा बारचा (बारा आवर्तनांचा ठरलेला साचा) ब्लूज आठ मिनिटं घोळवायचा, त्यात नवल काय? 25 एप्रिल 1960 ला वाजवलं आणि ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने काढलं 1963 मध्ये. कंपनीलाच घाई नव्हती.

सारंग_ठाणे: त्याच दिवशीच्या ध्वनिमुद्रणातून स्मिथचा 'मिडनाइट स्पेशल' हा अल्बम आधी बाजारात आला, हे सोयीस्कर विसरलात. एका दिवसात दोन एलपींचा ऐवज! तुमच्या लाडक्या बँडला एक गाणं मिक्स करायला वर्ष लागतं.

नाट्यवेडी: ऑर्गन म्हटल्यावर राहवेना. आमचे आजोबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. पायाने भाता मारत, गायकाच्या तानेमागे सावलीसारखे. आता प्रयोगाला कीबोर्ड आणतात आणि वर 'परंपरा जपली' म्हणून सत्कार!

सारंग_ठाणे: ताई, तो ऑर्गन वेगळा. तिथे पाय हवा भरतात, इथे पाय सूर वाजवतात. हॅमंडमध्ये विजेवर फिरणारी चाकं असतात.

नाट्यवेडी: मला शिकवू नका. भाता एका लयीत ठेवून नटाची लहर सांभाळणं तुमच्या स्मिथला जमलं असतं का?

पेटीकर: कीबोर्डवाल्यांना काय नावं ठेवता? ऑर्गन दुरुस्त करणारा कुठे मिळतो? आमच्या मंडळाचा गंजला, तेव्हा तुमच्यासारखे रसिक वर्गणीला फिरकले नाहीत.

नाट्यवेडी: मागितली होतीत?

मंदार_के: वा! मूळ विषय गेला खड्ड्यात. काल रात्री पुन्हा ऐकला. स्टॅनली टरंटाइनचा टेनर सॅक्स झकास आहे, 'मायनर चँट' तर त्याचीच रचना. म्हणजे तुमच्या ऑर्गनवाल्याच्या अल्बममध्ये मला आवडला तो पाहुणा.

सारंग_ठाणे: त्या पाहुण्याच्या पायाखाली जमीन कोण धरतंय ते ऐका. मागे डोनाल्ड बेलीचे ड्रम आणि स्मिथचा डावा हात. वेगळा बासवादक नाहीच.

मंदार_के: बरं बाबा, बास आहे. खूश?

पेटीकर: ताई, वर्गणी अजून चालेल.