जुन्या फर्ग्युसनची बॅटरी: प्लस बॉडीला की मायनस?

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, निफाड)
आजोबांनी घेतलेला पेट्रोलवर चालणारा फर्ग्युसन टीई २० दसऱ्याच्या पूजेपूर्वी सुरू करायचा म्हणून नवी १२ व्होल्टची बॅटरी आणली आणि घरच्या दुसऱ्या ट्रॅक्टरप्रमाणे मायनसची तार बॉडीला जोडली. सेल्फ नेहमीच्याच दिशेने फिरला, मात्र इंजिन बंद असताना दिवे लावले की अ‍ॅमीटरचा काटा डिस्चार्जऐवजी चार्जकडे झुकतो. इंजिन सुरू केल्यावर कटआउटच्या (बॅटरीचे चार्जिंग आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) डबीतून जळका वास आला, म्हणून लगेच बंद केले. चूक कुठे झाली असावी?

उत्तर (ऑटो इलेक्ट्रिशियन, सातपूर)
बॅटरी उलटी जोडली गेली आहे. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार झालेल्या या ट्रॅक्टरमध्ये प्लस बॉडीला असतो. त्या काळच्या ब्रिटिश वाहनांत ही पद्धत सर्रास होती. सेल्फ बरोबर फिरला यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण त्याच्या फील्ड (स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरती गुंडाळी) या दोन्हींतील प्रवाह एकाच वेळी उलटतो आणि फिरण्याची दिशा तीच राहते. इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचे मात्र तसे नाही. त्याच्या लोखंडात उरलेले चुंबकत्व जुन्याच दिशेचे असल्याने तो बॅटरीच्या विरुद्ध ध्रुवाची वीज तयार करतो, कटआउटचे पॉइंट मिटताच दोघांचा दाब (व्होल्टेज) एकत्र येऊन प्रचंड प्रवाह वाहतो, आणि तो वास त्याचाच होता.

बॅटरी पूर्ववत जोडा, कटआउटचे पॉइंट चिकटले आहेत का ते पाहा, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी डायनॅमोला ध्रुव द्या, म्हणजे त्याचे उरलेले चुंबकत्व बॅटरीशी जुळणाऱ्या दिशेचे करून घ्या. त्यासाठी डायनॅमोवरील दोन्ही तारा काढून, बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाकडून आणलेली तार लहान, म्हणजे फील्डच्या टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवा. ही रीत ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या डायनॅमोची आहे; ज्यांची फील्ड वेगळ्या पद्धतीने जोडलेली असते, त्यांना ती लावू नका.

उत्तर (शेतकरी, दिंडोरी)
तारेच्या रंगावर विसंबू नका; साठ-सत्तर वर्षांत किती हातांनी वायरिंग बदलले असेल, सांगता येत नाही. बॅटरीचे जाड टोक प्लसचे असते, त्यामुळे जुन्या क्लॅम्पचे माप पाहिले तरी अंदाज येतो.

प्रश्नकर्ता
कायमचाच मायनस बॉडीला केला तर? फवारणीसाठी एलईडी दिवा लावायचा विचार आहे.

उत्तर (ऑटो इलेक्ट्रिशियन, सातपूर)
करता येईल, पण डायनॅमोला नव्या दिशेने ध्रुव द्यावा लागेल, अ‍ॅमीटरच्या आणि इग्निशन कॉइलच्या तारा अदलाबदल कराव्या लागतील. कॉइल उलटी राहिल्यास ठिणगी कमजोर पडते. माझे मत विचाराल तर ट्रॅक्टर मूळ स्थितीतच ठेवा. एलईडीला बॅटरीपासून दोन स्वतंत्र तारा आणि फ्यूज द्या, फक्त दिव्याची कोणतीही तार त्याच्या धातूच्या आवरणाला जोडलेली नाही, एवढे मल्टिमीटरने आधी तपासा. आणि बॅटरी काढताना बॉडीची तार आधी सोडा, जोडताना ती शेवटी लावा.