मदत पाहिजे: पोकरच्या शेवटच्या टेबलवर ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) कधी टाकायचं?

धंतोलीवाला: काल गोव्याहून आलो, झोप नाही. टूर्नामेंटमध्ये ९ जण उरलो, पैसे ८ जणांना. माझ्याकडे ४८ हजार चिप्स, हातात एक्का-सत्ती ऑफसूट (वेगवेगळ्या रंगाचे), आधीच्या सगळ्यांनी फोल्ड केलं (पत्ते सोडले) अन् मी पण केलं. नंतर राजा-चव्वीवर उडालो, नववा. एक्क्यावर टाकायला पाहिजे होतं ना? लवकर सांगा, पुढच्या महिन्यात परत जाऊन राहिलो.

संत्रानगरी: ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच दोघांना लावाव्या लागतात त्या चिप्स) किती होते भाऊ? नुसत्या ४८ हजारावरून काय कळणार. आणि बसला कुठे होतास?

धंतोलीवाला: स्मॉल ४ हजार, बिग ८ हजार, वरून बिग ब्लाइंडवाल्यानंच भरायची अँटी (ब्लाइंडशिवायची जास्तीची भर) ८ हजार. बटनच्या (डीलरच्या खुणेच्या) आधीची जागा.

फुटाळा_४४: म्हणजे ६ बिग ब्लाइंड. मधात २० हजार आधीच पडलेत, तुझा एम, म्हणजे तुझ्या चिप्स भागिले मधातल्या चिप्स, २.४ (खेळाडू पॉल मॅग्रिएलच्या नावावरून एम). तुझ्या मागे तिघंच आहेत, बटन अन् दोन ब्लाइंड, कोणताही एक्का असो, डोळे झाकून टाक. तिघांनी सोडलं तर २० हजार फुकट, कोणी राजा-राणीवर आला तरी तू पुढे. मी नेहमी असंच खेळतो.

संत्रानगरी: काऊन डोळे झाकून? बबल आहे, अजून एक जण उडाला की बाकी सगळ्यांना पैसे. चिप्स डबल झाल्या म्हणून बक्षीस डबल नाही होत, पण उडाला तर हाती काहीच नाही, आयसीएम (चिप्सची बक्षिसाच्या पैशात किंमत काढायचा हिशेब) म्हणतात ते हेच. बाकीच्यांकडे किती होत्या?

धंतोलीवाला: एकाकडे ९ हजार, पुढच्या हाताला त्याचाच बिग ब्लाइंड.

संत्रानगरी: अबे हे आधी सांगायचं ना!! मग फोल्ड बरोबर होतं, तो पुढच्याच हाताला उडू शकत होता अन् तुला पैसे पक्के. तुझ्या ब्लाइंडला अजून अख्खे ५ हात मधात होते.

फुटाळा_४४: अन् तो वाचला तर? थांबून थांबून चिप्स संपतात, मग तुला कोणी भीत नाही.

लक्ष्मीनगर: एवढ्या लांब कशाला जायचं, मोबाइलवर खेळ ना.

संत्रानगरी: २०२५ च्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन गेम बंद झाले दादा. धंतोली, राजा-चव्वीवर तू स्वतः ऑल-इन टाकलं की दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल केलं (तेवढ्याच चिप्स लावल्या)?

धंतोलीवाला: कॉल. माझ्या बिग ब्लाइंडला, ३२ हजार उरले होते, पहिल्या जागेवरच्यानं ऑल-इन टाकलं, मला वाटलं आता काय उरलंच आहे.

फुटाळा_४४: हे मात्र चूक. आपण टाकलं की समोरचा सोडू शकतो, कॉलमध्ये तो चान्सच नाही, पत्तेच भारी लागतात. पहिल्या जागेवरून टाकणारा राजा-चव्वीच्या मागे क्वचितच असतो.

संत्रानगरी: यावर आपलं जमलं. मधल्या ५ हातांत काय आलं होतं?

धंतोलीवाला: दुसऱ्या हाताला राणी-गुलाम, एकाच रंगाचे. माझ्याआधी सगळे फोल्ड. तोवर ९ हजारवाला २५ हजारावर गेला होता. मी घाबरून फोल्ड केलं.

संत्रानगरी: मग ऑल-इन टाकायचा हात तो होता, एक्का-सत्ती नाही.