मदत हवी आहे: जँगो, लारावेल की आपलाच घरचा सांगाडा (फ्रेमवर्क)?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एकटाच सॉफ्टवेअरची कामं करतो. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचं काम आलंय: आवक, सौदा, वजन, त्यातून हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी (हिशेबाची पावती).

आजवर मी स्वतःच पीएचपी भाषेत लिहिलेला सांगाडा, म्हणजे वेब अ‍ॅप ज्यावर उभं राहतं तो पाया, वापरत आलो. राउटिंग (कुठल्या पत्त्यावर कुठलं पान), लॉगिन, डेटाबेस, सगळं हातचं. ओळ न् ओळ पाठ आहे, त्यामुळे बिघाड लगेच सापडतो. पण मागच्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाकडे फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकनच (दुसऱ्या साइटवरून खोटी विनंती घुसू नये म्हणून ठेवायची गुप्त खूण) नसल्याचं लक्षात आलं. चूक माझीच. जँगो (पायथनमधला) किंवा लारावेल (पीएचपीमधला) या तयार सांगाड्यांमध्ये ही सोय आयतीच मिळते. शिवाय जँगोचं अ‍ॅडमिन पॅनल (नोंदी भरायचे-बदलायचे तयार पडदे) पाहिलं आणि आपण दोन आठवडे कशात घालवले असं झालं!

अडचण पुढची आहे. लारावेलच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या २ वर्षंच मिळतात, जँगोच्या एलटीएसला (जास्त काळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीला) साधारण ३. अडत्या एकदा पैसे देणार आणि दहा वर्षं तेच चालवणार. अपग्रेडचे पैसे मागितले तर म्हणेल, "चालतंय की, कशाला हात लावताय?" माझ्या सांगाड्याला मुदत नाही, पण दुरुस्त्या करणाराही मी एकटाच. उद्या मी आजारी पडलो तर?

हळदीचा हंगाम तोंडावर आहे, शिकायला फार तर महिनाभर मिळेल. असं छोटं, वर्षानुवर्षं चालणारं काम कुणी जँगोवर केलंय का? अपग्रेडचा खर्च गिऱ्हाइकाच्या गळी कसा उतरवता? आणि पट्टीची छपाई अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरच हवीय, ती कशी जमवायची तेही सांगा.