बाबासाहेबांवरच्या माहितीपटात खोतीला एकच वाक्य?

खाडीकाठचा:
परवा चिपळुणात बाबासाहेबांच्या जीवनावरचा माहितीपट पाहिला. चवदार तळ्याचा भाग उत्तम जमलाय. पण १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, रद्द करायचं विधेयक मांडलं, त्याची निवेदनात एका वाक्यात बोळवण! खोताला भरपाई देऊन जमीन कसणाऱ्याच्या नावावर करायची, असं ते विधेयक होतं. जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. अलिबागजवळच्या चरीचा शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ पासून सहा वर्षं चालला, पण त्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांचं नावसुद्धा नाही. आमच्याकडच्या कुणबी पोरांना अजून वाटतं, आंबेडकर म्हणजे 'त्यांचे'. त्यांच्या पणजोबांवरच्या अर्धेलीविरुद्ध (निम्मं पीक खोताला), वेठीविरुद्ध कोण भांडलं, हे त्यांना कोण सांगणार?

महाडकरीण:
दादा, अजिबात पटलं नाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. पाण्यावर अडवणारी वृत्ती कुठल्या कायद्याने गेली? तळं खुलं करायचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ लाच केला होता. तरी २० मार्च १९२७ ला माणसं पाणी प्यायली आणि 'आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार' अशी आवई उठवून महाडच्या दलित परिषदेला आलेल्यांना झोडपलं. माहितीपटात हल्लेखोरांनी मातीत कालवलेला भात दाखवलाय, त्यावर कॅमेरा थांबतो. थांबायलाच हवा. पुढे १०८ घागरी पाणी उपसून तळ्याचं 'शुद्धीकरण', आणि तळ्यावरच्या हक्काचा हायकोर्टाचा निकाल यायला मार्च १९३७! सगळ्यांना आपले वाटावेत म्हणून जातीचं दुखणं सौम्य करून दाखवायचं का?

खाडीकाठचा:
ताई, सौम्य करा असं मी कुठे म्हटलं? महार कूळ दोन्हीकडून भरडलं जायचं. पीक खोताच्या खळ्यात आणि पाण्याला मात्र शिवायचं नाही. एकच बाजू दाखवली तर खोत सुटतो.

मंडणगडवाला:
तुम्ही दोघंही रा. बा. मोरेंना विसरलात. महाडची परिषद घडवून आणण्यासाठी ज्यांनी जिवाचं रान केलं ते मोरे, पुढे कम्युनिस्ट झालेले. पाणी आणि पोट अशी वाटणी त्या माणसाने कधी केली नाही. माहितीपटात ते गर्दीतल्या एका फोटोपुरते.

महाडकरीण:
मोरेंचं शंभर टक्के मान्य, त्यांना जागा हवीच होती. खोतीवर वेगळा माहितीपट काढा, पहिला खेळ महाडला आम्ही लावू. तळ्याचं मात्र एक मिनिटही कापू नका.