रात्रीची गस्त कुणी सुरू करायची?

प्रश्न: मळ्यातल्या पाण्याच्या मोटारी, केबल चोरीला जातायत. सरपंच म्हणतात पोलिसांकडे जा. ठाण्यातून सांगतात, गावाने गस्तीला पोरं द्या. नेमकं काय करू?

उत्तर: आधी पोलीस पाटलांना भेटा. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार ठाण्याला गावची खबर देणं त्यांचंच काम. ग्रामसभेत ठराव घ्या, ठाण्यात प्रत देऊन पोच घ्या.

उत्तर: हात जोडून सांगतो, ग्राम सुरक्षा दल पोलिसांमार्फतच करा. नुसत्या काठ्या घेऊन पोरं उभी करू नका. २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात चोरांच्या अफवेवरून तिघांचा जीव गेला. संशयित दिसला की ११२ लावा. अंगाला हात नाही.

प्रश्नकर्ता: पटलं. शिवरस्त्यावरचे दिवेही ठरावात घालतो, ते पंचायतीनेच लावायचेत.